पाच लाखांचं कार्ड आलं, आता आबांची जुनी पॉलिसी बंद करायची का?

गेल्या वर्षभरात माझ्या दोंडाईच्याच्या दवाखान्यात बीपी-शुगरच्या तपासणीसोबत एक प्रश्न हमखास येतो. तपासणी होते, औषधं लिहून होतात, आणि मुलगा किंवा सून दारापर्यंत जाऊन परत वळते. "डॉक्टर, आबांचं सत्तरीचं कार्ड निघालं. पाच लाखांपर्यंत फुकट आहे म्हणतात. मग ती जुनी पॉलिसी कशाला भरायची?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक आबा ७२ वर्षांचे, मिरचीच्या व्यापारात आयुष्य गेलेले. त्यांनी साठीच्या आत असताना पॉलिसी घेतली होती आणि एकही वर्ष खंड पडू दिला नव्हता. पण हप्ता दरवर्षी वाढत वाढत ४०,००० रुपयांच्या पुढे गेला. नूतनीकरणाला महिना-दीड महिना उरला होता. मुलाचं म्हणणं, एवढ्या पैशांत घरात दुसरं काही येईल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण घाईचं होतं.

मी विमा एजंट नाही आणि कुठल्याही कंपनीची शिफारस करणार नाही. मात्र पेशंटला धुळ्याला किंवा नाशिकला पाठवताना चिठ्ठी मी लिहितो, आणि पुढे क्लेम अडकला की नातेवाईक फाईल घेऊन माझ्याकडेच येतात. त्यामुळे कोणती सोय कुठे उपयोगी पडते आणि कुठे अडते, हे जवळून बघायला मिळतं. तेच इथे सांगतो.

आधी घरात काय आहे ते बघा

बहुतेक घरांना आपल्याकडे नेमकी कोणती सोय आहे हेच माहीत नसतं. एका पाकिटात रेशनकार्ड, एक पिवळं-निळं कार्ड, मुलाच्या कंपनीचा ई-मेल आणि जुन्या पॉलिसीची घडी घातलेली पावती. सगळ्याला एकच नाव, "विमा".

महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबाला पहिली सोय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आहे. आपल्या धुळे जिल्ह्याला ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि रेशनकार्डाचा रंग बघितला जायचा. जुलै २०२४ पासून मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही दार उघडलं. तरीही "आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही" असं आजही ऐकू येतं. ती गोष्ट आता जुनी झाली.

दुसरी सोय केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, "आयुष्मान वय वंदना" कार्ड मिळतं. आबांच्या मुलाच्या हातात होतं ते हेच.

याशिवाय कुणी फौजेतून निवृत्त असेल तर ईसीएचएस, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त असेल तर सीजीएचएस, बँकेतून निवृत्त असेल तर बँकेची गट पॉलिसी, मुलगा पुण्यात कंपनीत असेल तर त्याच्या ऑफिसचं आई-वडिलांसाठीचं कव्हर, आणि स्वतः हप्ता भरून घेतलेली पॉलिसी. एका घरात यातल्या दोन-तीन सोयी सहज निघतात. त्या कागदावर उतरवून काढा, मग पुढचं वाचा.

वय वंदना कार्ड: काय मिळतं, काय नाही

या कार्डाची सर्वांत मोठी गोष्ट जाहिरातीत फारशी दिसत नाही. यात थांबायचा काळ नाही. खासगी पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. इथे मधुमेह वीस वर्षांचा असो, बायपास झालेली असो, गुडघे झिजलेले असोत, कार्ड निघालं की पहिल्या दिवसापासून ते आजार धरले जातात. ७५ वर्षांच्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला अशी सोय बाजारात विकत मिळणं फार अवघड आहे.

मर्यादा वर्षाला ५ लाख. घर आधीच आयुष्मान योजनेत असेल तर सत्तरीच्या वरच्यांना हे ५ लाख वेगळे मिळतात, घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. आबा आणि आजी दोघंही सत्तरीच्या वर असतील तर मात्र दोघांत मिळून ५ लाख.

इथेच एक गैरसमज होतो. आबा ७२ चे आणि आजी ६६ च्या असतील तर आबांच्या कार्डावर आजींना काही मिळत नाही. आजींसाठी फुले योजना आहे, आणि घर आयुष्मानच्या मूळ यादीत असेल तर तेही. पण "आबांचं कार्ड म्हणजे घराचं कार्ड" हे खरं नाही. आबांच्या पॉलिसीत आजींचंही नाव असेल, तर ती पॉलिसी बंद करताना आजींचं छत्रही जातं. मी हे सांगितलं तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा पॉलिसीची घडी उलगडली. आजींचं नाव होतं.

कार्ड फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या-औषधं त्यात धरलेली आहेत. दर महिन्याच्या गोळ्या, माझ्याकडची तपासणी, बाहेर केलेला शुगरचा रिपोर्ट यांचा खर्च त्यात नाही.

आणि वय बघितलं जातं ते आधारवरचं. खान्देशात याने बऱ्याच जणांना अडवलं आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख म्हणजे शाळेत गुरुजींनी लिहिलेली १ जून, नाहीतर आधार काढताना अंदाजाने टाकलेली १ जानेवारी. शाळेत न गेलेल्या आजीबाईंचं तर वर्षच अंदाजाने सांगितलेलं. मग अंगाने पंच्याहत्तरीची दिसणारी बाई आधारवर ६८ ची निघते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि तिला मान्य पुरावा लागतो. पुरावा असेल तर नीट तयारी करून बदला. पण पेन्शन, बँक आणि पॉलिसी या तिन्हीकडे कोणती तारीख आहे ते आधी बघा. कार्डासाठी एकीकडे तारीख बदलली आणि पॉलिसीत वेगळं वय राहिलं, तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा काढला जातो.

कार्ड काढायला शेवटची तारीख नाही आणि ते मोफत आहे. आयुष्मान अॅपवर, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात ते निघतं. ज्यांनी जन्मभर शेतात काम केलं त्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. तेव्हा चेहरा दाखवून किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने ओळख पटवता येते. आधारला जोडलेला नंबर सुरतला असलेल्या जावयाचा असेल, तर आधी तो बदलून घ्या.

"हाई कार्ड सुरतमा चालस का?"

एका आजीबाईंनी मला अहिराणीत विचारलेला हा प्रश्न. आमच्या भागासाठी इतका नेमका प्रश्न दुसरा नाही. दोंडाईचा ताप्ती मार्गावर आहे. गाडीत बसलं की सरळ सुरत. अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडे कापड गिरणीत, दुकानात किंवा हिऱ्याच्या कामात. मोठं आजारपण आलं की धुळे, नाशिक आणि सुरत अशी तीन नावं घरात चर्चेला येतात, आणि पोरं सुरतला असतील तर म्हातारी माणसं तिकडेच नेली जातात.

उत्तर असं, की आयुष्मान कार्ड, वय वंदनासुद्धा, देशभर चालतं. सुरतमधलं रुग्णालय आयुष्मानच्या यादीत असेल तर दोंडाईच्याच्या आजींना तिथे उपचार मिळतो. फुले योजना मात्र राज्याची. तिची रुग्णालयं मुख्यतः महाराष्ट्रातली. म्हणून ६६ वर्षांच्या आजी, ज्यांच्याकडे फक्त फुले योजना आहे, त्या सुरतला मुलाकडे राहायला गेल्या तर त्यांच्याजवळची सोय नवापूरच्या पुढे फारशी कामाची राहत नाही. अशा माणसासाठी खासगी पॉलिसीचं मोल जास्त आहे. सत्तरी ओलांडलेल्या आणि कार्ड असलेल्या माणसासाठी तेवढं नाही.

म्हणजे एकाच घरात, एकाच पॉलिसीबद्दल, आबांसाठी उत्तर वेगळं आणि आजींसाठी वेगळं येऊ शकतं.

रुग्णालयाचं दार

कार्डावर ५ लाख लिहिले आहेत म्हणजे कुठल्याही रुग्णालयात ५ लाखांपर्यंत बिल भागतं, असं नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज असतं आणि यादीतल्याच रुग्णालयात ते मिळतं. त्यातही बारकावा आहे. रुग्णालय यादीत असतं ते ठराविक विभागांसाठी. हाडांसाठी असेल आणि हृदयासाठी नसेल, असं होतं. फुले योजनेत काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीवही आहेत. म्हणून "तुमच्याकडे योजना आहे का?" एवढं विचारून फोन ठेवू नका. "अँजिओप्लास्टी योजनेत करता का? गुडघ्याचा सांधा बदलता का? डायलिसिस होतं का?" असं आजाराचं नाव घेऊन विचारा. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याशी बोला. हे सगळं घरात कुणी आजारी नसताना एखाद्या दुपारी करून ठेवायचं काम आहे.

धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला तासा-दीड तासावर आहे. खासगी रुग्णालयंही आहेत, त्यातली काही योजनेत आहेत, काही नाहीत. तुमच्या घरातल्या माणसाला जो आजार आहे, त्याच्यासाठी तुम्ही खरोखर कुठे जाल, हे ठरवा. त्या रुग्णालयात कार्ड चालत असेल तर पॉलिसीची गरज कमी. चालत नसेल आणि तुम्ही तरीही तिथेच जाणार असाल, तर पॉलिसी बंद करू नका.

इथे डॉक्टर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्री छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला, तर कार्ड कुठे चालतं ते शोधत बसू नका. जवळच्या दवाखान्यात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढा, १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा फायदा पहिल्या तासांत सगळ्यात जास्त असतो. अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा पडला, तरी तसंच. योजनेत तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून कागद नंतर पूर्ण करायची सोय आहे. कागद मागून येऊ शकतो.

मग जुनी पॉलिसी ठेवायची की नाही?

आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच "विमा निवडायचा महिना" नसतो. प्रत्येक पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख हाच तिच्यासाठी वर्षातला निर्णयाचा दिवस. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पॉलिसीत सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, तर तिची जुनी वर्षं. सलग पॉलिसी चालू राहिली की आधीपासूनच्या आजारांचा थांबायचा काळ संपतो. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये हा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. आणि सलग ६० महिने पूर्ण झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, "तुम्ही अमुक आजार लपवला होता" म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी हे आठ वर्षांनी व्हायचं.

आबांची पॉलिसी या दोन्ही टप्प्यांच्या पलीकडे गेलेली होती. ती बंद केली असती तर ही वर्षं शून्यावर आली असती. नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून गेली, हे खरं. पण वयाची अट गेली याचा अर्थ कंपनीने घेतलंच पाहिजे असा नाही. ७२ व्या वर्षी, शुगर आणि एक स्टेंट असताना, कंपनी नाही म्हणू शकते, किंवा जड हप्ता आणि मोठ्या अटी घालून हो म्हणते.

हप्त्याच्या बाजूने मात्र थोडा दिलासा आहे. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने सांगितलं, की ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीचे दर कंपन्यांनी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे असतील तर आधी नियामकाशी बोलावं लागेल. तुमचा हप्ता त्याहून जास्त वाढून आला असेल तर कंपनीकडून लेखी कारण मागा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला गेला. गट पॉलिसीला ही सूट नाही. नव्या पावतीवर कराची ओळ गेली असली तरी मूळ हप्ता किती होता आणि आता किती आहे, ते जुनी पावती शेजारी ठेवून बघा. एकीकडून कमी झालेलं दुसरीकडून वाढलेलं असू शकतं.

हप्ता झेपतच नसेल तर सरळ बंद करण्याआधी हप्ता कमी करायचे मार्ग तपासा. विम्याची रक्कम कमी करता येते. अॅड-ऑन म्हणून घेतलेली जास्तीची कलमं काढता येतात. पहिले काही हजार किंवा लाख आपण सोसायचे आणि त्यावरचं कंपनीने, अशी वजावट स्वीकारून हप्ता खाली आणता येतो. फक्त लक्षात ठेवा, कमी केलेली रक्कम पुढे वाढवायची ठरवली तर वाढीव भागासाठी थांबायचा काळ नव्याने सुरू होतो. आणि म्हातारे आई-वडील, मुलगा, सून, नातवंडं सगळे एकाच फ्लोटर पॉलिसीत असतील तर साधारणपणे हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. आबांना वेगळं काढून तरुणांची पॉलिसी वेगळी केली तर एकूण आकडा कमी होतो का, हे विचारून बघायला हरकत नाही. वेगळं काढताना जुनी वर्षं पुढे धरली जातील हे लेखी घ्या.

कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंग करा, जुनी सोडून नवी घेऊ नका. अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी करायचा असतो. जुन्या पॉलिसीतली वर्षं नव्या कंपनीत धरली जातात, पण नव्या कंपनीला तपासून नकार देण्याचाही हक्क आहे. म्हणून तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवायचा नाही. तारीख चुकलीच तर वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलं तर जुनी वर्षं वाचतात, पण मधल्या दिवसांत दाखल झालात तर क्लेम मिळत नाही.

पॉलिसीतले दोन शब्द मात्र स्वतः वाचा. पहिला सह-भरणा, म्हणजे को-पे. ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत २० टक्के को-पे असतो. २ लाखांच्या मंजूर बिलात ४०,००० तुमचे. दुसरा, खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही आईला एकांत मिळावा म्हणून ६,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे ३,००० आपण देऊ. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चसुद्धा त्याच प्रमाणात अर्धा कापला जातो. औषधं आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंवर ही कपात लावता येत नाही, तरी उरलेली रक्कम लहान नसते. सुट्टीच्या दिवशी बिलाच्या खिडकीसमोर हे कळतं, तेव्हा बोलणी खातो तो बिचारा बिल करणारा मुलगा.

आबांच्या घराने शेवटी काय केलं? पॉलिसी ठेवली, रक्कम कमी केली. त्यांच्या स्टेंटचे डॉक्टर ज्या रुग्णालयात आहेत, ते योजनेत नाही. ते कारण पुरेसं होतं. याउलट शिंदखेड्याकडच्या एका कुटुंबाला मी पॉलिसी सोडायला हो म्हटलं. नवरा-बायको दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे, दोघांचीही कार्डं निघालेली, हप्ता भरायला व्याजाने पैसे काढत होते, आणि उपचार तसेही धुळ्याच्या सरकारी रुग्णालयातच घेत होते. व्याजाने पैसे काढून हप्ता भरण्यात काही शहाणपण नाही.

शुगर किती वर्षांपासून आहे?

क्लेम अडकलेल्या फायली बघताना मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या एका ओळीने. पेशंटला रात्री दाखल करतात. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, शुगर कधीपासून? घाबरलेला पुतण्या सांगतो, "असेल दहा-पंधरा वर्षांपासून." डॉक्टर लिहितो, मधुमेह १५ वर्षे. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची, आणि तिच्या अर्जात एजंटने शुगरच्या रकान्यात "नाही" लिहिलेलं. कंपनी क्लेम नाकारते. माझ्याकडच्या जुन्या कागदांवर शुगर सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा निघालेली असते, पण तो कागद कुणी दाखवलेलाच नसतो. आणि सहा वर्षं धरली तरी अर्जातलं "नाही" खोटंच ठरतं.

म्हणून दोन गोष्टी करा. अर्ज एजंटच्या हातात कोरा देऊन सही करू नका. बीपी, शुगर, दमा, जुनं ऑपरेशन, बंद झालेल्या गोळ्यासुद्धा, सगळं लिहा. हप्ता वाढेल, कदाचित नकार येईल, पण क्लेमच्या दिवशी नकार येण्यापेक्षा ते परवडतं. आधी घेतलेल्या पॉलिसीत एजंटने चुकीचं लिहिलं असेल तर आताच कंपनीला लेखी कळवा. नवी पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस वाचून परत करायची मुदत असते. त्या ३० दिवसांत अर्जाची प्रत वाचा, पॉलिसीचा रंगीत माहितीपत्रक नव्हे.

आणि आजार कधी सुरू झाला त्याचा पहिला केसपेपर, पहिला रिपोर्ट जपून ठेवा. दाखल करताना तोच दाखवा, अंदाजाने वर्षं सांगू नका.

"डॉक्टर, शुगर नवीनच निघाली असं लिहून द्या ना", ही विनंतीही मला होते. ओळखीची, घरची माणसं करतात. मी देत नाही. राग येतो, समजतं. पण खोटा दाखला दिला तर तपासणीत माझंच आधीचं अक्षर पुढे येतं, आणि मग सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर मिळणारं संरक्षणही फसवणुकीच्या नावाखाली जातं.

ऑफिसचं कव्हर, बँकेचं कव्हर, फौजेचं कव्हर

मुलगा पुण्यात कंपनीत असेल तर वर्षातून एकदा त्याला आई-वडिलांची नावं घालायला थोड्या दिवसांची मुदत मिळते. ई-मेल येतो, तो कामात विसरतो, मुदत जाते, पुढचं वर्ष उघडं. तुमच्या मुलाला आजच विचारा की त्याच्या कंपनीची मुदत कधी असते. अशा गट कव्हरमध्ये बऱ्याचदा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे ते चांगलंच. पण ते नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी सुटली की कव्हर सुटतं. नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो, तो विसरू नका. आणि ऑफिसच्या भरवशावर आई-वडिलांची जुनी पॉलिसी बंद करू नका.

निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची गट पॉलिसी १ नोव्हेंबरला नवी होते आणि त्याआधी पर्याय भरून द्यावा लागतो. आमच्याकडचे एक निवृत्त कॅशियर दरवर्षी दिवाळीच्या आसपास तो फॉर्म घेऊन येतात. त्यांच्यासाठीही तेच, रक्कम किती यापेक्षा आपलं रुग्णालय कोणतं हे आधी.

माजी सैनिकांनी आणि केंद्राच्या निवृत्तांनी थोडं थांबावं. खासगी पॉलिसी असलेल्याला वय वंदना कार्ड दोन्ही ठेवून मिळतं. ईसीएचएस किंवा सीजीएचएस असलेल्याला दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, आणि ती निवड एकदाच. त्या दोन्ही योजनांत ओपीडी आणि रोजची औषधं मिळतात, आयुष्मानमध्ये नाहीत. शेजाऱ्याने काढलं म्हणून सेवा केंद्रात जाऊन अंगठा देऊ नका.

महिन्याच्या गोळ्यांचं काय?

खरं सांगायचं तर म्हातारपणातला खर्च दाखल होण्यात कमी आणि दर महिन्याच्या औषधांत जास्त जाणवतो, आणि वरच्या बहुतेक सोयी तिथे हात वर करतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, तिथे थोडं शुल्क लागतं. जनऔषधी दुकानात त्याच घटकाची गोळी बरीच स्वस्त मिळते. चिठ्ठी माझी असली तरी मला विचारून बदलून घ्या, मला वाईट वाटत नाही. गोळ्या नियमित राहिल्या तर कार्ड आणि पॉलिसी पाकिटातच राहण्याची शक्यता वाढते.

अडवलं तर

योजनेतल्या रुग्णालयाने कार्डावरच्या उपचारासाठी वर पैसे मागितले, तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ वर तक्रार करा. पैसे दिलेच असतील तर पावती मागा. खासगी पॉलिसीत कॅशलेसची विनंती गेल्यावर कंपनीने १ तासात आणि सुट्टीच्या वेळी अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची, असा २०२४ चा नियम आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते.

या सगळ्यासाठी माझ्याकडून जुना केसपेपर, आजार पहिल्यांदा निघाल्याची तारीख किंवा औषधांची यादी हवी असेल तर दाखल व्हायच्या आधी येऊन घेऊन जा. संध्याकाळी पाचनंतर गर्दी कमी असते.